राबाची राख आणि उपवासकाळ

मुंबई-नाशिक महामार्गाने भिवंडी मागे टाकून शहापूरकडे निघाले, की फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत शेतांच्या कडेला जागोजाग काळे चौकोन दिसू लागतात. हे राब. जिथे भाताची रोपे वाढवायची, त्या तुकड्यावर पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, गवत आणि शेण यांचा थर पसरून तो पेटवून दिला जातो. तणाचे बी जळते, माती भाजून निघते आणि उरलेली राख पहिल्या पावसाबरोबर जमिनीत मुरते. मुरबाडकडच्या वाटेवरही हेच दृश्य असते. घाटाखालच्या या पट्ट्यातील शेतकऱ्याच्या वर्षाची सुरुवात अशी राखेने होते.

साधारण याच आठवड्यांत ख्रिस्ती मंडळींच्या वर्षातील सर्वांत गंभीर काळाची सुरुवातही राखेनेच होते. राखेच्या बुधवारी धर्मगुरू भाविकांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढतात. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख केलेली असते. तेथून ईस्टरपर्यंत, रविवार वगळता, चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जातो. ईस्टरची तारीख चांद्रगणनेवर ठरते आणि ती २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येते. त्यामुळे हा उपवासकाळ आपल्याकडे दरवर्षी माघ, फाल्गुन आणि चैत्र यांच्या आसपास, म्हणजे विहिरींचे पाणी खाली जाण्याच्या दिवसांतच पडतो.

शहापूर-मुरबाडात ख्रिस्ती वस्ती थोडी आहे. जिल्ह्यातील हा समाज प्रामुख्याने ठाणे, उत्तन-भाईंदर, कल्याण-डोंबिवली या भागांत एकवटलेला आहे. तरीही 'कष्टाच्या ऋतूतून आत्म्याची वाढ होते' हा ख्रिस्ती विचार समजून घ्यायचा आणि तो तपासूनही पाहायचा, तर याच दोन तालुक्यांत उभे राहून ते करणे उचित ठरेल. कारण येथे कष्टाचा ऋतू हा केवळ धर्मग्रंथातील दृष्टांत राहत नाही. तो दरवर्षी ठरल्या वेळी दारात येऊन उभा राहतो.

दोन पंचांगे

भातसा, तानसा आणि वैतरणा खोऱ्यातील धरणांमुळे शहापूरला धरणांचा तालुका म्हणतात. तानसा तलाव १८९२ साली पूर्ण झाला, तेव्हापासून या परिसराचे पाणी मुंबईची तहान भागवीत आहे. आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसा धरणाचा असतो. आणि याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दोन हंड्यांसाठी मैलोगणती पायपीट करणाऱ्या बायकांची छायाचित्रे वृत्तपत्रांच्या वाचकांना नवी नाहीत.

येथील कातकरी, ठाकूर, महादेव कोळी आणि अन्य समाजांचे वर्ष पावसाच्या एका पिकाभोवती फिरते. भात, नागली आणि वरई यांवर घर किती महिने चालेल, हे सुगीच्या वेळीच कळून चुकते. दिवाळी झाली की अनेक कुटुंबे, त्यातही भूमिहीन कातकरी, वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आषाढ-श्रावणात घरातील धान्य संपते आणि हाताला कामही नसते. त्या वेळी भट्टीमालकाकडून घेतलेला बयाणा पुढच्या हंगामात अंगमेहनतीने फेडावा लागतो. पावसाळ्यातील याच उपासमारीसाठी सरकारला 'खावटी' नावाची योजना आखावी लागली. हे एका समाजाचे पंचांग झाले.

ख्रिस्ती पंचांगात उपवासकाळाचे तीन आधार सांगितले जातात: उपवास, प्रार्थना आणि दानधर्म. हे तिन्ही एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, असे चर्चची शिकवण सांगते. आपल्या ताटातून जे कमी केले, ते भुकेल्याच्या ताटात गेले नाही तर तो उपवास अपुरा राहिला. यशया संदेष्ट्याने बेड्या तोडणे, पिडलेल्यांना मोकळे करणे आणि भुकेल्याबरोबर भाकर वाटून खाणे यालाच खरा उपवास म्हटले आहे.

या दोन पंचांगांत एक मूलभूत फरक आहे. उपवासकाळातील भूक स्वेच्छेने स्वीकारलेली असते. आषाढातील भूक लादलेली असते. ज्याला जेवण सोडता येते, त्याच्याकडे जेवण असते. या फरकाकडे डोळेझाक करून कष्टाच्या आध्यात्मिक मोलाविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल, आणि बायबलही तसे बोलत नाही.

ईयोबाचे मित्र

बायबलच्या जुन्या करारात ईयोबाचे पुस्तक आहे. ईयोब हा सज्जन, श्रीमंत गृहस्थ. एकामागून एक संकटे कोसळून त्याची मालमत्ता जाते, मुले जातात आणि अखेर शरीरही रोगाने ग्रासले जाते. त्याला भेटायला आलेले मित्र पहिले सात दिवस काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. भाष्यकारांच्या मते त्यांनी केलेली योग्य गोष्ट ती एवढीच. त्यानंतर ते तोंड उघडतात आणि ईयोबाला त्याच्या दु:खाचे कारण सांगू लागतात. तू काही पाप केले असशील, देव उगाच शिक्षा करीत नाही, असा त्यांचा सूर असतो. ईयोब हे मानत नाही. तो देवालाच जाब विचारतो. पुस्तकाच्या शेवटी देव कोपतो तो या मित्रांवर. जाब विचारणारा ईयोबच त्याला आपल्याविषयी खरे बोललेला वाटतो.

दु:ख ही पापाची शिक्षा असते, या समजुतीला बायबलच्या आतूनच दिलेला हा छेद आहे. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी फार मोठा भाग आक्रोशाचा आहे. देवा, तू कुठे आहेस, असे विचारण्याची मुभा या परंपरेने भक्ताला दिली. क्रूसावरच्या येशूच्या तोंडीही अशाच एका स्तोत्राचे शब्द आहेत.

मग वाढ होते ती कशी? संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात एक साखळी मांडली आहे. संकटातून धीर येतो, धीरातून शील घडते आणि शीलातून आशा उपजते. येथे संकट चांगले असते, असे पौल म्हणत नाही. संकटात माणूस टिकून राहिला तर त्याच्या आत काय घडू शकते, एवढेच तो सांगतो. हे लिहिणाऱ्याने फटके खाल्ले होते, तुरुंग पाहिले होते आणि समुद्रात जहाज फुटण्याचा प्रसंगही सोसला होता. दुसऱ्याला धीर धर म्हणणे सोपे असते. स्वत: सोसून मग बोलणाऱ्याच्या शब्दाला वेगळे वजन असते.

कोरडा ऋतू

संकट बाहेरचेच असते असे नाही. श्रद्धेलाही उन्हाळा असतो. प्रार्थनेत मन लागत नाही, देव जवळ असल्याची जाणीव उरत नाही आणि धर्मकृत्ये निरर्थक वाटू लागतात. स्पेनमध्ये १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पायाला तोफगोळा लागून जायबंदी झालेला इग्नेशियस लोयोला हा सरदार अंथरुणावर पडल्यापडल्या स्वत:च्या मनाचे चढउतार न्याहाळू लागला. पुढे येशूसंघाची स्थापना करणाऱ्या या संताने आध्यात्मिक साधनेचे जे नियम घालून दिले, त्यांत मनाच्या प्रसन्न आणि शुष्क अशा दोन अवस्थांचा बारकाईने विचार आहे. शुष्क काळात आधी केलेला निश्चय बदलू नये, हा त्याचा व्यवहारी सल्ला. उन्हाळ्यात विहीर आटली म्हणून कोणी ती बुजवीत नाही, हे शहापूरच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

त्याच शतकातील क्रूसभक्त संत योहान याला १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच धर्मसंघातील विरोधकांनी टोलेडो येथे कोंडून ठेवले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो निसटला. त्या कोठडीतील अनुभवातून त्याने 'आत्म्याच्या काळोख्या रात्री'ची संकल्पना ख्रिस्ती अध्यात्माला दिली. देव दूर गेला असे वाटते, त्याच वेळी भक्त देवाच्या देणग्यांवरचा लोभ सोडून देवावर प्रेम करायला शिकत असतो, असे तिचे सार सांगता येईल.

कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची खासगी पत्रे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला धक्का बसला. रस्त्यावरील मरणासन्न माणसांची सेवा करणाऱ्या या स्त्रीने कित्येक दशके देवाच्या अस्तित्वाची जाणीव न होता, आतल्या अंधारात काढली होती. काहींनी याला श्रद्धेचा पराभव म्हटले, तर काहींना त्यात श्रद्धेची पराकाष्ठा दिसली. एक गोष्ट मात्र निर्विवाद होती. त्या अंधारातही त्यांचे रोजचे काम थांबले नव्हते.

दुष्काळाने घडवलेली पंडिता

महाराष्ट्राला यासाठी स्पेनकडे पाहण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंचे आयुष्य हा या विषयाचा मराठीतील सर्वांत मोठा दाखला आहे. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंनी १८७० च्या दशकातील दुष्काळात थोड्याच काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण यांचे मृत्यू पाहिले. त्यानंतर भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्यांनी हजारो मैल पायपीट केली. अंगावर पुरेसे पांघरूण नसल्याने झेलमच्या काठी दोघा भावंडांनी खड्डे खणून, वाळू अंगावर ओढून रात्री काढल्याची हकीकत त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही. १८८२ मध्ये पतीचे निधन झाले, तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु येथे एक महत्त्वाची नोंद करायला हवी. रमाबाईंनी स्वत:च लिहिले आहे की, धर्म त्यांना आधी मिळाला, अंतरीची शांती मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी लाभली. धर्मांतर हा वाढीचा शेवट नव्हता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आरोपावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा त्यांचा लोकनिंदेचा ऋतू होता.

त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे रस्त्याकडेला मरून पडत होती आणि अनाथ मुलींचा व्यापार सुरू होता. वीस वर्षांपूर्वी स्वत: अशाच भुकेतून गेलेल्या रमाबाई तेथे जाऊन पोहोचल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने केडगावच्या शेतावर त्यांची व्यवस्था करावी लागली. तेथूनच मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विणकाम, शेती, छपाई अशा व्यवसायांतून या स्त्रिया स्वत:च्या पायावर उभ्या राहिल्या.

याच रमाबाईंनी १८९७ साली पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या दुर्दशेविषयी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली आणि गव्हर्नरांचा रोष पत्करला. दु:खातून वाढलेली श्रद्धा मुकी असते, हा समज त्यांनी खोटा ठरवला. अखेरच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ साली मनोरमा गेली. आठ-नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही जगाचा निरोप घेतला. चर्चच्या पंचांगात ते उपवासकाळाचे दिवस होते. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला आला.

एका घराचे दुभंगणे

दुसरा दाखला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा. टिळकांच्या बालपणीची काही वर्षे कल्याणात गेली. आईच्या अकाली मृत्यूनंतर घर सोडून त्यांनी शिक्षणासाठी नाशिक गाठले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि घर दुभंगले. हिंदू राहिलेल्या लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या. टिळकांच्या दृष्टीने जे आत्मिक सुख होते, ते लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आकांत म्हणून आले. एकाच्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, हे या विषयातील कटू सत्य 'स्मृतिचित्रे'मध्ये कोणताही आडपडदा न ठेवता आले आहे.

पुढे त्या पतीकडे परतल्या, पण सोवळे-ओवळे पाळीतच. पाण्याची शिवाशिव मानणाऱ्या या बाईंच्या मनात माणसामाणसांतील हा भेद देवाने केलेला नाही, हा विचार हळूहळू रुजला. १९०० साली त्यांनी स्वत:च्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. त्यानंतरच्या वैधव्यात, बेताच्या शिक्षणावर, लक्ष्मीबाईंनी मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले. त्यात दु:खाचे भांडवल कुठे नाही, उलट पानोपानी हसू आहे. दु:खाने माणूस कडवट झाला नाही, तर त्याच्या वाढीची खूण अशीही दिसते.

सोशिकतेचा गैरवापर

कष्टातून वाढ होते, हे वाक्य कोण कोणाला सांगतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. माणसाने स्वत:च्या भोगलेल्या आयुष्याकडे मागे वळून पाहत ते म्हटले, तर ती साक्ष असते. बयाण्यात अडकलेल्या मजुराला ते दुसऱ्याने सुनावले, तर तो ईयोबाच्या मित्रांचा उपदेश होतो. धर्म गरिबाला सोसायला शिकवतो आणि सोसायला लावणाऱ्याला मोकळे सोडतो, हा आक्षेप जुना आहे आणि तो सर्वस्वी निराधार नाही.

ख्रिस्ती विचारवंतांनीही त्याची दखल घेतली आहे. पेरू देशातील धर्मगुरू गुस्तावो गुतिएरेझ यांनी ईयोबाच्या पुस्तकावर भाष्य करताना निष्पापांच्या दु:खाचा प्रश्न केंद्रस्थानी आणला. भुकेल्या माणसापुढे देवाविषयी बोलायचे कसे, हा त्यांचा सवाल होता. जर्मनीतील धर्मगुरू डिट्रिश बॉनहॉफर याला नाझी राजवटीने १९४३ मध्ये तुरुंगात टाकले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिली. इतिहासाकडे वरून न पाहता पीडितांच्या बाजूने, खालून पाहायला शिकणे, हा संकटाने दिलेला मोठा लाभ त्याने मानला. दोघांच्याही लेखी सोसणे हे कृतीपासून पळण्याचे निमित्त नव्हते.

आणखी एक अडचण आपल्याकडची आहे. हलाखीच्या काळात गरिबाजवळ जाणाऱ्या मिशनच्या हेतूविषयी शंका घेतली जाते आणि आदिवासी पट्ट्यात धर्मांतर हा विषय वादाचा ठरतो. मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागितली जात असेल, तर ते दान राहत नाही; तो व्यवहार होतो. आणि ज्या वाढीची गोष्ट येथे चालली आहे, ती व्यवहारातून होत नसते. रमाबाईंची आठ वर्षे आणि लक्ष्मीबाईंची पाच वर्षे हेच सांगतात. ती स्वत:च्या गतीने आणि स्वत:च्या प्रश्नांतून होते. दुसऱ्याला ती घडवून आणता येत नाही.

वाढ मोजायची कशाने?

या सर्व दाखल्यांतून एक कसोटी हाती लागते. संकटातून गेलेल्या माणसाला दुसऱ्याचे संकट अधिक स्पष्ट दिसू लागले का? ईयोब आपल्या त्याच मित्रांसाठी प्रार्थना करतो. दुष्काळात आईवडील गमावलेली मुलगी पुढच्या दुष्काळात शेकडो मुलींची आई होते. शिवाशिवीत वाढलेली स्त्री मनातील भिंत पाडते. जिथे दु:ख माणसाला स्वत:पुरते कुढायला लावते, तिथे ते नुसते दु:ख राहते. ख्रिस्ती परंपरा ज्याला वाढ म्हणते, ती शेजाऱ्याच्या दिशेने होत असते.

ही कसोटी शहरातील भाविकालाही लागू पडते. उपवासकाळात मुंबई-ठाण्यातील जो माणूस एक वेळचे जेवण सोडतो, त्याच्या नळाला येणारे पाणी बहुधा शहापूरच्या डोंगरांतून आलेले असते. ज्यांच्या शिवारातून ते येते, त्यांच्यापैकी अनेकांच्या हंड्यात ते पडत नाही. यशयाच्या व्याख्येप्रमाणे उपवास करायचा, तर या विसंगतीकडे पाहावेच लागेल, आणि ते पाहण्यासाठी कोणत्याही एका धर्माचे असण्याची गरज नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, की राबाच्या राखेत भाताचे बी टाकले जाते. तीन-चार आठवड्यांत हिरवी रोपे दाट वर येतात. पण राबात ठेवलेल्या रोपाला लोंबी धरत नाही. त्याला मुळासकट उपटावे लागते, जुड्या बांधून दुसऱ्या खाचरात न्यावे लागते आणि चिखलात पुन्हा लावावे लागते. पहिले काही दिवस ते पिवळे पडते, मान टाकते. मग मूळ धरते. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, हा येशूचा दृष्टांत मुरबाडच्या एखाद्या शेतकऱ्याला भातावरून लगेच कळेल. मात्र आवण करणाऱ्या बायका दिवसभर कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात उभ्या असतात, हेही त्याला ठाऊक असते. रोप आपोआप लागत नाही. त्यासाठी कोणाला तरी वाकावे लागते.